थोरली कुणी उघडली?

१

सोमवारी सकाळी साडेनऊला चाचणी-खोलीच्या दारावर चिकटवलेला ठसा आणि आतल्या पडद्यावरचा ठसा जुळले नाहीत. पावणेदहाला आमच्या सगळ्यांत नेटक्या मुलीचं ओळखपत्र साहेबांच्या टेबलावर पडलं होतं. पंधरा मिनिटांत एवढं काम आमच्या कंपनीत एरवी कधी होत नाही.

आम्ही नवजात बाळांच्या काचेच्या पेट्या चालवणारा प्रोग्राम बनवतो. पेटीत ऊब किती ठेवायची, ती घसरली तर गजर किती सेकंदांत वाजवायचा, हे सगळं तो प्रोग्राम ठरवतो. मी तिथली गुणवत्ता-अधिकारी आहे. म्हणजे काम बाकीच्यांनी करायचं आणि मी त्यांच्यामागे सह्या घ्यायला धावायचं. त्या वेळीही मी शुक्रवारच्या तापमानाच्या तक्त्यांवर मुकाट्याने शिक्के मारत बसले होते.

असा प्रोग्राम पेटीत घालण्याआधी हजारो वेळा तपासावा लागतो. तेवढ्या पेट्या कुणाकडे असतात? म्हणून एका मोठ्या संगणकाच्या पोटात लटकेच छोटे संगणक उभे करतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाला एक डिस्क लागते, आणि ती एकाच मूळ डिस्क इमेजवरून मिळते. या मूळ इमेजला आमच्याकडे 'थोरली' म्हणतात आणि तिच्यावरून उठणाऱ्या यंत्रांना 'लेकी'. लेक जागी होते, चाचणी देते, निकाल सांगते आणि पुसली जाते. तीन आठवड्यांत अशा अकरा हजार लेकी आल्या आणि गेल्या.

नियम एकच. लेकीला जे काही लिहायचं असेल ते तिने आपल्या वेगळ्या पानावर लिहायचं, थोरलीवर एक टिंबही उमटता कामा नये. त्यासाठी पहिल्या दिवशी थोरलीतल्या अक्षरन् अक्षराचा हिशेब करून एक चौसष्ट अक्षरी ठसा काढला होता. आत एक टिंब हललं तरी सगळा ठसा बदलतो. तो कागद दारावर लागला आणि थोरली सीलबंद झाली. शेवटची चाचणी शुक्रवारी संपली. आज शेवटचा ठसा काढून बुधवारी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर ठेवायचा होता, आणि चाळीस पेट्या एका रुग्णालयाकडे रवाना व्हायच्या होत्या.

ठसा जुळला नाही, याचा अर्थ कुणीतरी थोरली उघडली होती. मग अकरा हजार निकालांवर कोण विश्वास ठेवणार?

साहेबांनी मला आणि चाचणी घेणाऱ्या मुलीला आत बोलावून दार लावून घेतलं. ही मुलगी सव्वीस वर्षांची, बारीक चणीची आणि कामाला चटपटीत. तिला सगळे चिमणी म्हणतात. साहेबांनी मोठ्या संगणकातली नोंद पुढे सरकवली. शुक्रवार, दुपारी एक बेचाळीस, थोरली उघडली. कुठून? चिमणीच्या टेबलावरून.

चिमणीने ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग एकदम काहीतरी उमगल्यासारखा दिसला आणि त्यानंतर पांढराफटक पडला.

"माझ्याच टेबलावरून झालंय ना?" ती म्हणाली. "मग जबाबदार मीच."

त्यापुढे तिने तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. साहेबांनी चारपर्यंतची मुदत दिली. तोवर खुलासा आला नाही तर नोकरी गेली, आणि वर परीक्षकांना लेखी कळवायचं की निकालांत फेरफार झाला. असा कागद एकदा लागला की त्या मुलीला या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

मी जागेवर आले. तिच्या हाताखालून एवढ्या वर्षांत एकही खोटा आकडा माझ्याकडे आलेला नव्हता. मी नाइलाजाने फोन उचलला आणि माझ्या नणंदेला बोलावलं.

२

नणंदेला बोलवायचं हे सहज जमणारं काम नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कपाटाच्या दाराकडे नुसतं बघून सांगितलं होतं की बिजागरीचा वरचा स्क्रू तिसऱ्यांदा बदललेला आहे. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर जपूनच असते. पस्तीस वर्षं त्यांनी मेलेल्या डिस्क जिवंत केल्या. जळालेल्या, बुडालेल्या, रागाने भिंतीवर आपटलेल्या. आता निवृत्त आहेत, आणि घरात मोडलेलं काही उरलं नाही म्हणून चिडचिड करतात.

अर्ध्या तासात त्या कापडी पिशवी घेऊन हजर झाल्या. साहेबांना नमस्कार केला, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, वाळलीस." मग थेट कामाला लागल्या. त्यांनी पहिला प्रश्न असा विचारला की मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. सील केली त्या दिवशीची थोरलीची दुसरी प्रत कुठे आहे?

ती माझ्याच लोखंडी कपाटात होती. किल्ली माझ्याच पर्समध्ये. नियम म्हणून मीच ती ठेवून घेतली होती आणि सकाळपासूनच्या गोंधळात साफ विसरले होते.

"मग रडता कशाला सगळे?" वन्सं म्हणाल्या. "दोन्ही प्रती शेजारी ठेवायच्या आणि कुठे कुठे फरक पडलाय ते बघायचं. ठसा काय, नुसता 'बदललं' म्हणून ओरडतो. काय बदललं ते डिस्कलाच विचारावं लागतं."

दोन्ही प्रती वाचण्यापुरत्याच जोडून त्यांनी तुलना लावून दिली. तिला दोनेक तास लागणार होते. साहेब पुटपुटले की यात वेळ घालवून काय मिळणार, चोर तर सापडलाच आहे. वन्संनी त्यांना गोडीत विचारलं की चोरी काय झाली हे कळायच्या आधी चोर सापडतो, अशी पद्धत इथे नेहमीचीच आहे का. साहेब गप्प बसले. त्यांना गप्प बसवणारं माणूस मी बारा वर्षांत पहिल्यांदा बघत होते, आणि ते माझ्या सासरचं निघालं याचा मला अभिमान वाटला. तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

"आता माणसं," वन्सं म्हणाल्या. "या थोरलीत शिरून फायदा कुणाचा होणार होता?"

फायदा होणारा माणूस नेमका दारातच उभा होता.

३

तो प्रोग्राम लिहिणारा. त्याला आम्ही तुफान म्हणतो, कारण तो बोलतो, चालतो आणि चुका करतो ते सगळं एकाच वेगाने. पेटीचा गजर त्याने लिहिलेला. पहिले दोन आठवडे तो गजर चाचणीत नापास होत होता आणि तिसऱ्या आठवड्यात अचानक पास व्हायला लागला. साहेबांचा संशय इथेच होता. चाचण्यांच्या फायली थोरलीत असतात. चिमणीने आत जाऊन गजराची चाचणी सैल केली आणि तुफानला सांभाळून घेतलं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय शनिवारी सुट्टी असताना तुफान इमारतीत दिसला होता.

वन्संनी त्याला समोर बसवलं आणि शनिवारचं विचारलं. हेल्मेट राहिलं होतं, तो म्हणाला. मग गजराचं विचारलं तसा तो भडकला. अकरा दिवस त्याने त्या गजरासाठी धड जेवण केलं नव्हतं. दोन कामं एकाच क्षणी तापमान मागायला यायची आणि एकमेकांची वाट बघत उभी राहायची, म्हणून गजर उशिरा वाजत होता. तो दोष त्याला सापडला तो चिमणीमुळे. तिने सातशे लेकी एकामागून एक उठवल्या, त्यांतल्या नेमक्या तीन अडकल्या, आणि त्या तिघी तिने पुसू न देता त्याच्यापुढे आणून ठेवल्या.

"तिला चाचणी सैल करायची असती, तर माझे अकरा दिवस कशाला खाल्ले असते तिने?" तो म्हणाला. एवढं बोलून त्याने डोळे पुसले आणि आपण पुसलेच नाहीत असं दाखवलं. वन्सं त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या.

दुसरे आले आमचे आजोबा. वय अठ्ठावन्न. दाढी तिशीतच पांढरी झाली तेव्हापासून ते आजोबा. थोरली, लेकी, हा सगळा कारखाना त्यांनीच वीस वर्षांत उभा केला. कर्नल म्हणजे संगणकाच्या आतला मुख्य कारभारी, हे मला त्यांनीच समजावलं होतं. माझी आई अजून समजते की आमच्याकडे कुणी लष्करातले गृहस्थ नोकरीला आहेत. या कारभाऱ्याला कामावर ठेवण्याआधी तीन हजार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. हे हवं का, ते नको का, हे आत ठेवू की बाहेर. आजोबांनी ती तीनही हजार उत्तरं हाताने दिलेली होती. येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. त्यांचा संगणक गुरुवारीच भांडारात जमा झाला होता, आणि टेबलावर त्याच्या जागी धुळीतला एक स्वच्छ चौकोन उरला होता. तेव्हापासून ते एक जाड वही काखेत मारून जिथे खुर्ची मिळेल तिथे बसायचे.

आज निवृत्तीच्या कागदांसाठी बाहेर गेलेले ते बाराला आले आणि आल्या आल्या तापले. चिमणीने हे केलं नाही, एवढंच त्यांनी तीन वेळा सांगितलं. एक बेचाळीसची नोंद त्यांना कुणी दाखवली नव्हती. वेळ फुटली तर चोर तशी कहाणी रचेल, म्हणून साहेबांनी ती आम्हा तिघींतच ठेवली होती.

"तुम्ही थोरलीला शेवटचा हात कधी लावलात?" वन्संनी विचारलं.

"सील झाल्यावर? कधीच नाही. मी केलेला नियम मीच मोडीन होय?"

"बघितलीत तरी?"

"बघण्याने काय होतंय, बाई? बघायची माझी रीत ठरलेली आहे. वीस वर्षांत माझ्या बघण्याने एकाही ठशाला धक्का लागलेला नाही." आजोबांनी वही दुसऱ्या काखेत घेतली. "पोरीचं काय ते बघा आधी."

वन्संनी मान डोलावली. मग मला हळूच म्हणाल्या की आता त्या पोरीचं टेबल दाखव, तिच्याशी नंतर बोलू.

४

चिमणीचं टेबल म्हणजे शिस्तीचं प्रदर्शन. पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. वन्सं खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कशालाच हात लावला नाही. नुसत्या बघत बसल्या. मला घड्याळ दिसत होतं. सव्वा वाजला होता.

"वहिनी, या मुलीला चष्मा आहे?"

नाही, मी म्हटलं. आठ फुटांवरून ती माझ्या फाइलवरची तारीख वाचते.

"मग पडद्यावरची अक्षरं एवढी टपोरी कशाला?"

खरंच, अक्षरं चांगली बोटाच्या पेराएवढी होती. मी मागे भिंतीला टेकून उभी होते तरी मला वाचता येत होती, आणि माझे डोळे काय लायकीचे आहेत ते मला माहीत आहे. वन्संनी मग कीबोर्ड उजेडाकडे तिरपा केला. वरच्या रांगेतली नववी कळ इतरांपेक्षा जास्त गुळगुळीत झाली होती.

चिमणी कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. नववी कळ काय करते, हे वन्संनी तिथूनच विचारलं. कामाचा प्रश्न आला तशी तिची जीभ सैल झाली. ही कळ दाबली की जी डिस्क निवडली असेल ती 'खिडकी' नावाच्या कप्प्यात उघडते आणि आतलं सगळं दिसतं. ही युक्ती आजोबांची. त्यांच्या मांडणीची फाइलच तिने पहिल्या दिवशी आपल्या संगणकावर उतरवून घेतली होती.

"जशीच्या तशी?"

चिमणीने ओठ घट्ट मिटले.

वन्संनी आग्रह केला नाही. शुक्रवारी दुपारी एक बेचाळीसला ती कुठे होती, एवढंच विचारलं. इथेच असेन, चिमणी जमिनीकडे बघत म्हणाली.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. ते इतकं वाईट बोलली की मला ऐकवेना. आणि त्याच क्षणी मला सकाळचे माझे शिक्के आठवले. मी धावत जागेवर गेले, तक्त्यांचा गठ्ठा उपसला. दोन मजले खाली ठेवलेल्या खऱ्या पेटीचं तापमान, शुक्रवार, दर पाच मिनिटांनी एक आकडा. दीड ते सव्वादोन. अक्षर चिमणीचं, शेजारी खालच्या कारागिराची सही. एक चाळीस, छत्तीस पूर्णांक चार. एक पंचेचाळीस, छत्तीस पूर्णांक चार. आणि खाली माझा शिक्का, तपासले म्हणून.

तपासले कसले, मी बघितलंही नव्हतं. एक बेचाळीसला ती दोन मजले खाली होती आणि त्याचा पुरावा सकाळपासून माझ्या कोपराखाली होता.

"म्हणजे तिच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसलं होतं," मी वन्संना म्हटलं.

"हो," वन्सं म्हणाल्या. "आणि कोण ते तिला माहीत आहे."

तेवढ्यात मागच्या संगणकाने टिंग केलं. तुलना संपली होती.

५

फरक निघाला तो वीतभर कागदावर मावेल एवढा. डिस्कवरच्या लाखो चौकटींपैकी मोजक्या बदललेल्या. चाचण्यांची एकही फाइल हललेली नव्हती. कर्नल तोच, उत्तरं तीच. मी सुटकेचा श्वास टाकणार तोच वन्संनी बोट वर केलं.

प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला, त्या म्हणाल्या, एक छोटी पाहुण्यांची वही असते. डिस्क लिहिण्याच्या परवानगीने उघडली की त्यात आपोआप नोंद होते. आजवर किती वेळा उघडली, शेवटची कधी, कुठल्या कप्प्यात. कपाटातल्या प्रतीत आकडा होता सात. इथल्या थोरलीत आठ. वेळ शुक्रवार, एक बेचाळीस. कप्पा, खिडकी.

"एकच पाहुणा," वन्सं म्हणाल्या. "सील झाल्यापासून फक्त एकच. आणि शेवटची लेक किती वाजता निजली?"

बारा दहाला. ते मला पाठ होतं. मी बोटांवर हिशेब केला. पाहुणा आला तो अकरा हजार निकाल लागून गेल्यावर दीड तासाने. म्हणजे निकाल शाबूत होते. पेट्या जाऊ शकत होत्या.

पण चिमणीचं काय? नियम तर मोडलाच होता, आणि नोंद तिच्या टेबलाची होती. सगळं नीट झालं तरी बळी तिचाच जाणार होता.

"पाहुण्याने आत काय केलं, तेही लिहिलंय," वन्संनी पडद्यावर बोट टेकवलं. "लिहिण्याच्या परवानगीने उघडलेल्या डिस्कवर कुणी एखादी फाइल वाचली, तर वाचल्याची वेळही उमटते. याने एकच वाचली. चाचण्यांच्या जवळपासही गेला नाही. सांग, तिजोरीचं दार उघडून आतलं एक जुनं पत्र वाचून परत जाणारा चोर तू कधी पाहिलायस?"

फाइलचं नाव होतं 'कारणे'. वन्संनी कपाटातल्या प्रतीतून ती उघडली आणि आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून वाचू लागलो. कर्नलच्या तीन हजार उत्तरांपैकी ज्यांच्यावर कधी वाद झाला, चूक झाली, त्या प्रत्येकाखाली कुणीतरी कारण लिहून ठेवलं होतं. 'डिस्क ओळखणारा भाग कर्नलच्या आतच ठेवणे. बाहेर ठेवला तर लेकीला उठल्यावर स्वतःची डिस्कच सापडत नाही. एकदा चाळीस जणी अशा दारातच गेल्या, दिवसभर कळेना.' 'आवाज: नको. लेकींना गाणी ऐकायची नाहीत.' 'काम अडकून दोन मिनिटं झाली तर सगळं थांबवून मोठ्याने सांगणे: हो. गप्प अडकून बसण्यापेक्षा ओरडून पडलेलं बरं. तपासणाऱ्याला निदान कुठे बघायचं ते कळतं.'

वीस वर्षांचं शहाणपण होतं ते, आणि कुठेही लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. वन्संनी चष्मा काढून पदराने पुसला. एवढ्या वर्षांत त्यांना कुणाच्या कामापुढे अशी मान लववताना मी पाहिलं नव्हतं.

"असा माणूस नियम मोडेल?" मी विचारलं.

"मोडणार नाही. म्हणून तर भांडारात जायचंय," वन्सं उठल्या. "त्याचा जुना संगणक अजून तिथेच असेल ना?"

६

चारला साहेबांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. वन्सं, मी, चिमणी, आजोबा आणि टेबलामागे साहेब. ओळखपत्र अजून तिथेच पडलेलं होतं.

वन्संनी सुरुवात पाहुण्यांच्या वहीपासून केली. सात आणि आठ, बारा दहा आणि एक बेचाळीस. साहेबांनी तारीख-वेळ खोटी असू शकते का विचारलं. मोठ्या संगणकाची नोंद आणि थोरलीची वही, दोन्हींची घड्याळं वेगळी आणि दोन्ही तेच सांगतात, वन्सं म्हणाल्या. मग मी तापमानाचा तक्ता ठेवला आणि माझ्या शिक्क्याबद्दल स्वतःच कबुली दिली. मग टपोरी अक्षरं. मग 'कारणे'.

ते नाव ऐकताच आजोबांनी मान वर केली.

"ती तर मी शुक्रवारी वाचली," ते सहज म्हणाले. "माझा संगणक गेलाय, म्हणून हिच्या टेबलावर बसलो. पण नुसतं बघितलं हो. थोरलीला हात नाही लावला."

वन्संनी पिशवीतून दोन कागद काढले आणि त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर नववी कळ दाबल्यावर काय होतं ते लिहिलेलं होतं. भांडारातल्या संगणकाच्या कागदावर 'फक्त वाचा' ही अट होती. चिमणीच्या कागदावर ती नव्हती, बाकी सगळं अक्षर न् अक्षर सारखं होतं.

आजोबांनी कागद डोळ्यांजवळ नेले. दोन्हींवरच्या ओळी त्यांनी बोट फिरवत पुन्हा वाचल्या.

"बोटं तुमची होती, सवय तुमची होती," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "कळ फक्त दुसऱ्याची होती. तुम्ही बघायलाच गेलात. थोरलीने मात्र ते लिहून घेतलं."

मग त्या चिमणीकडे वळल्या. "आणि तुला हे सकाळी ती वेळ वाचली तेव्हाच कळलं. शुक्रवारी वर आलीस तेव्हा पडद्यावरची अक्षरं मोठी झालेली होती. ती कुणी केली हे तुला माहीत होतं, आणि तू ती तशीच राहू दिलीस. बाळ, तुझ्या गुरूनेच लिहिलंय, गप्प अडकून बसू नये. बोल आता."

चिमणी रडत नव्हती. ती सरळ साहेबांकडे बघत बोलली. "मला लेकींच्या पानांवर लिहावं लागतं, म्हणून मी ती अट काढली होती. दोन वर्षं झाली. त्यांची कळ घेतली, बदलली आणि त्यांना सांगितलं नाही. त्यांनी वीस वर्षांत एक चूक केली नाही. जाताना शेवटच्या आठवड्यात माझ्यामुळे त्यांच्या नावावर ही लागणार होती. मग चूक कुणाची झाली?"

"गप्प बस," आजोबा म्हणाले. "दुसऱ्याच्या मशीनवर आपली कळ दाबण्याआधी ती काय करते ते बघायचं, हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी नाही बघितलं. साहेब, थोरली मी उघडली. माझ्या नावावर लिहा."

साहेबांनी तक्त्यावरून, कागदांवरून आणि त्या दोघांवरून नजर फिरवली. मग त्यांनी ओळखपत्र उचललं, उठून टेबलाला वळसा घालून आले आणि ते चिमणीच्या हातात दिलं. सकाळी आपण घाई केली, असंही म्हणाले. ते त्यांना जड गेलं, पण म्हणाले.

"पण आजोबा," मी न राहवून विचारलं, "ती फाइल शुक्रवारी कशाला वाचत होता?"

आजोबांनी काखेतली जाड वही साहेबांसमोर ठेवली. वीस वर्षांचा सगळा कारखाना तिच्यात उतरवलेला होता, मोठ्या अक्षरांत, एकेक कारणासकट. शुक्रवारचं पान डिस्क ओळखणाऱ्या भागापाशी थांबलं होतं. पहिल्या पानावर एक अर्ज टाचलेला होता. माझ्या जागी हिलाच नेमावं, दुसऱ्या कुणाला नको, एवढाच मजकूर होता आणि खाली सही.

चिमणीने ते पान वाचलं, आणि तेव्हा मात्र ती रडली.

बुधवारी परीक्षकांना आम्ही काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या साधनाने दोन्ही प्रती पुन्हा ताडून पाहिल्या, वन्संना तीन तास उलटसुलट प्रश्न विचारले, आणि शेवटी सही केली. चाळीस पेट्या गुरुवारी गेल्या. वन्सं जाताना मला म्हणाल्या की माझं लोखंडी कपाट चांगलं आहे, बिजागरीही ठीक आहे. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

निरोपाच्या शुक्रवारी सकाळीच चिमणीने आजोबांच्या जागेवर बसल्या बसल्या पहिलं काम केलं ते नववी कळ दुरुस्त करण्याचं. दुसरं, चाचणी-खोलीच्या दारावर ठशाच्या कागदाखाली दोरीने एक वही बांधली. थोरलीला नुसतं बघायचं असलं तरी तारीख, वेळ, नाव आणि कारण लिहायचं, असा नवा नियम केला. गुणवत्ता-अधिकारी म्हणून मी ती वही रोज बघते, आणि आता शिक्का मारण्याआधी खरंच वाचते.

वहीतली पहिली नोंद नियमाच्याही आधीच्या तारखेची आहे. आजोबांनी निरोपाच्या दिवशी, जाता जाता ती स्वतःच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिली. शुक्रवार, दुपारी एक बेचाळीस. त्यापुढे त्यांचं पूर्ण नाव. आणि कारणाच्या रकान्यात, 'पोरीला एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती बघायला.'